हडसन घळईतील रात्रीची कुपामारी आणि तिची परिभाषा

व्यवसायाची परिभाषा अभ्यासावयाची तर आधी तो व्यवसाय समजून घ्यावा लागतो, हे तत्त्व बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या प्रत्येकास अनुभवाने पटते. शब्द हाती येतात, त्यांचे उच्चार टिपता येतात. परंतु ज्या क्रियेसाठी तो शब्द उपजला ती क्रिया डोळ्यांसमोर नसेल, तर कोशातील अर्थ पोकळ राहतो. प्रस्तुत लेखात एका परकीय व्यवसायाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी व न्यू यॉर्क या राज्यांतील बंदरांतून, दर वर्षी शरद ऋतूत भाड्याने ठरवलेल्या नौका भर समुद्रात रात्र काढण्यासाठी निघतात. त्यांचे लक्ष्य ज्याला इंग्रजीत ‘ट्यूना’ व आपल्या कोकणपट्टीवर ‘कुपा’ किंवा ‘गेदर’ म्हणतात तो मासा. ही मासेमारी शरदातच का, रात्रीच का आणि किनाऱ्यापासून इतक्या दूर का, हे प्रथम पाहू. त्यानंतर तिच्या नामावलीतील एका विलक्षण घोटाळ्याकडे वळू. त्या घोटाळ्याचे परिणाम कोशापुरते राहत नाहीत. ते कायद्यापर्यंत आणि माशांच्या गणनेपर्यंत पोहोचतात.

स्थळ

न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडे समुद्राचा तळ फार मंद उताराने खाली जातो. ही समुद्रबूड जमीन सुमारे १०० वाव खोलीपर्यंत पसरलेली असून तेथून पुढे तळ एकदम ढळतो. दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर म्हणजे ‘वाव’; संस्कृतातील ‘व्याम’ तो हाच. इंग्रजीतील ‘फॅदम’ या मापाचा मूळ अर्थही पसरलेले बाहू असाच असून ते आता ६ फुटांचे मानले जाते. दोर हाताने ओढून खोली मोजणाऱ्या दोन असंबद्ध समाजांनी एकाच शरीरमापाचा आश्रय करावा, हे स्वाभाविकच होय. १०० वाव म्हणजे सुमारे १८३ मीटर. अमेरिकन मच्छीमार या रेषेला नुसते ‘कड’ म्हणतात.

या कडेला ठिकठिकाणी खोल घळई पडल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठी हडसन घळई; न्यू यॉर्क बंदराच्या मुखापासून आग्नेयेस सुमारे १६० किलोमीटरांवर तिचा आरंभ होतो. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटरांनी खाली असताना हडसन नदी आजच्या समुद्रबूड जमिनीवरून वाहत होती, आणि तिच्या जुन्या पात्राची खूण आजही तळावर दिसते. इतर घळईंची नावेही लक्षणीय आहेत. लिंडेनकोल ही घळई एकोणिसाव्या शतकात या तळाचे नकाशे काढणाऱ्या नकाशाकाराच्या नावाने ओळखली जाते, तर हायड्रोग्राफर व ओशनोग्राफर या घळईंना सर्वेक्षण करणाऱ्या जहाजांची नावे मिळाली आहेत. ज्यांनी पाहिले त्यांची किंवा ज्यातून पाहिले त्याची नावे अदृश्य भूमीला द्यावीत, हा नामकरणाचा संकेत जमिनीवरील डोंगरदऱ्यांच्या नामकरणाहून पुष्कळ वेगळा आहे. २०२२ मध्ये हडसन घळईस राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा दर्जा देण्याच्या प्रक्रियेस अमेरिकन शासनाने आरंभ केला.

घळईचे महत्त्व केवळ खोलीमुळे नाही. किनाऱ्याला समांतर वाहणारे पाणी तिच्या भिंतींवर आदळून वर चढते, त्याबरोबर पोषक द्रव्ये वर येतात आणि लहान जीवांची दाटी होते. लहान जीवांमागे माकूळ व बारीक मासे येतात, आणि त्यांच्यामागे कुपा.

ऋतू

आता शरदाचा विचार करू. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारा उष्ण प्रवाह, ज्याला गल्फ स्ट्रीम म्हणतात, तो या घळईंच्या पलीकडून ईशान्येकडे जातो. त्याला नागमोडी वळणे पडतात. कधीकधी एखादे वळण तुटून वेगळे होते आणि उष्ण पाण्याचे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे एक विशाल चक्र तयार होते. अशी चक्रे हळूहळू नैर्ऋत्येकडे सरकत समुद्रबूड जमिनीच्या कडेला येऊन भिडतात. उन्हाळ्यात तापलेले पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरातही बरेच उबदार असते. त्यात अशा चक्राची भर पडली की कडेवर निळ्या, स्वच्छ व उष्ण पाण्याची आणि हिरवट, थंड पाण्याची सीमारेषा उभी राहते. अनुभवी तांडेल उपग्रहाने टिपलेले तापमानाचे नकाशे पाहून ही सीमारेषाच शोधत असतात.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. उन्हाळाभर किनाऱ्याजवळ राहिलेले माकूळ व ‘बटरफिश’ नावाचे लहान मासे पाणी थंड होऊ लागताच हिवाळ्यासाठी कडेकडे सरकू लागतात. हा बटरफिश आपल्या पापलेटाच्याच कुळातील आहे. म्हणजे शरदात एका बाजूने भक्ष्य कडेकडे येते आणि दुसऱ्या बाजूने उष्ण पाण्यात विहरणारा कुपा अजून तेथेच असतो. ही भेट काही आठवड्यांचीच असते. पुढे वादळे वाढतात, पाणी ढवळून निघते आणि कुपा उष्ण पाण्याच्या मागे निघून जातो.

रात्र

रात्रीच्या मासेमारीचे मूळ समुद्रातील एका दैनंदिन स्थलांतरात आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरी सोडल्या जात असता अथांग समुद्रात काही शे मीटरांवर जणू एक ‘खोटा तळ’ असल्याचे आढळून आले. १९४५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मार्टिन जॉन्सन या सागरजीवशास्त्रज्ञाने हा थर संध्याकाळी वर येतो व पहाटे खाली जातो असे दाखवले. हा थर निर्जीव नव्हता; कोळंबीसदृश जीव, माकूळ व लहान मासे यांचा तो समूह होता. दिवसा शत्रूंच्या दृष्टीपासून वाचण्यासाठी ते अंधारात उतरतात आणि रात्री चरण्यासाठी वर येतात.

कुप्याच्या काही जाती या थराच्या मागोमाग हिंडतात. विशेषतः मोठ्या डोळ्यांचा कुपा दिवसा ३०० मीटरांहूनही खाली असतो आणि रात्री पृष्ठभागाजवळ येतो. दिवसा जो आवाक्याबाहेर, तोच रात्री दोराच्या टप्प्यात. शिवाय नौकेचे दिवे पाण्यावर पडले की माकूळ त्या उजेडाभोवती जमतात आणि उजेडाच्या कडेला, अंधाराच्या आडोशाने, कुपा वावरू लागतो.

नौका व करार

‘चार्टर बोट’ आणि ‘पार्टी बोट’ हे दोन शब्द येथे काटेकोरपणे वेगळे ठेवले पाहिजेत. पहिलीत संपूर्ण नौका एका गटाने ठरवलेली असते. दुसरीत प्रत्येक प्रवासी आपापले भाडे भरून चढतो. ‘चार्टर’ हा शब्द लॅटिनमधील ‘कागदाचा लहान तुकडा’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. नौकाभाड्याच्या कराराला इंग्रजीत ‘चार्टर पार्टी’ म्हणतात. त्यातील ‘पार्टी’चा मेजवानीशी संबंध नसून मूळ लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘विभागलेला कागद’ असा आहे. मध्ययुगात करार एकाच पत्रावर दोनदा लिहून ते पत्र कापीत व एकेक अर्ध उभय पक्षांकडे राही. दोन्ही तुकडे जुळले की कराराची सत्यता सिद्ध होई.

या नौकांच्या परिभाषेत एक दुर्घटनाही दडलेली आहे. १ सप्टेंबर १९५१ रोजी न्यू यॉर्क राज्यातील माँटॉक येथून हौशी मच्छीमारांना घेऊन निघालेली ‘पेलिकन’ ही नौका परतीच्या वाटेवर उलटली. तीत क्षमतेहून पुष्कळ अधिक, म्हणजे ६० हून जास्त माणसे होती. एक यंत्र बंद पडले होते आणि हवामान बिघडले होते. ४५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९५६ मध्ये झालेल्या कायद्याने सहांहून अधिक प्रवासी भाड्याने नेणाऱ्या लहान नौकांची शासकीय तपासणी बंधनकारक केली. सहा किंवा त्यांहून कमी प्रवासी नेणाऱ्या नौका या तपासणीच्या बाहेर राहिल्या. त्यांना बोलीत बियरच्या सहा डब्यांच्या पुड्यावरून ‘सिक्स-पॅक’ असे विनोदी नाव पडले आहे. विनोदाच्या तळाशी कायद्याने आखलेली मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या तळाशी ४५ मृत्यू आहेत. शरद हा चक्रीवादळांचाही काळ असल्याने आणि घळई किनाऱ्यापासून अनेक तासांच्या अंतरावर असल्याने, हवामान संशयास्पद दिसताच फेरी रद्द करणारा तांडेल हाच या व्यवसायात शहाणा समजला जातो.

रात्रीचे काम

नौका दुपारच्या सुमारास निघून दिवस मावळण्यापूर्वी कडेवर पोहोचते. उजेड असेपर्यंत आमिषे मागे ओढत फिरावयाचे, अंधार पडल्यावर नांगरून किंवा प्रवाहाबरोबर वाहत थांबावयाचे, आणि पहाटे पुन्हा आमिषे ओढावयाची, असा क्रम असतो. रात्रीच्या कामास ‘चंकिंग’ म्हणतात. बटरफिशचे तुकडे करून थोडेथोडे पाण्यात सोडीत राहावयाचे, हे त्याचे सार. आधीचे तुकडे उजेडातून दिसेनासे होण्यापूर्वी पुढचे टाकावे लागतात. साखळी तुटली तर कुपा निघून जातो, आणि फार टाकले तर त्याचे पोट गरीविनाच भरते.

या तुकड्यांतच एका तुकड्यात गरी लपवलेली असते. तो तुकडा इतरांच्या बरोबरीने, त्याच गतीने खाली गेला पाहिजे. दोर ताणला गेला तर तो मध्येच अडतो आणि तीक्ष्ण दृष्टीच्या कुप्यास भेद कळतो. म्हणून गरवणारा हाताने दोर सैल सोडीत राहतो आणि दोर आपोआप वेगाने पळू लागला की मासा लागला असे समजतो. गरीजवळचा दोर पाण्यात कमी दिसणाऱ्या फ्लुओरोकार्बनचा असतो. दोराच्या चक्रीवरील घर्षणरोधक दोराच्या बळाच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ताणावर लावलेला असतो. याहून घट्ट केल्यास पहिल्या धावेतच दोर तुटावयाचा.

कुप्याच्या या बळाची उपपत्ती त्याच्या शरीररचनेत आहे. बहुतेक माशांचे रक्त कल्ल्यांतून जाताना पाण्याइतके थंड होते. कुप्याच्या शरीरात मात्र उष्ण व थंड रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्या एकमेकींलगत उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे स्नायूंची उष्णता कल्ल्यांपर्यंत न जाता आतच राहते. या वाहिनीजालास शरीरशास्त्रात ‘अद्भुत जाल’ अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे. कुप्याचे शरीर पाण्याहून उष्ण असते हे जॉन डेव्ही याने १८३५ मध्येच नोंदवले होते. त्यामागील उष्णतारक्षणाच्या यंत्रणेचे विवेचन फ्रान्सिस कॅरी व जॉन टील यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. शिवाय कल्ल्यांवरून पाणी वाहते राहण्यासाठी कुप्यास अखंड पोहत राहावे लागते. थांबला की त्याचा श्वास कोंडतो.

जी उष्णता त्याला वेग देते तीच मरणानंतर त्याचे मांस नासवते. झुंजीत स्नायू तापतात व आम्लता वाढते. मासा तसाच ठेवला तर मांस फिके, पाणचट व आंबट होते. जपानी व्यावसायिक अशा मांसास ‘भाजलेले’ अशा अर्थाचे नाव देतात, आणि ते न शिजवताच तसे झालेले असते. म्हणून आकड्याने वर घेतलेल्या कुप्याचे रक्त लगेच काढून त्याला बर्फ व समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात बुडवतात. येथे चव बिघडण्यापलीकडचाही धोका आहे. कुप्याच्या मांसातील हिस्टिडीन या द्रव्यापासून जिवाणू हिस्टामीन तयार करतात. ते एकदा तयार झाले की शिजवूनही नष्ट होत नाही आणि खाणाऱ्यास विषबाधा होते. आपला बांगडा व सुरमई हीदेखील कुप्याच्याच कुळातील असल्याने ही सावधगिरी आपल्या स्वयंपाकघरासही लागू आहे.

नावांचा घोटाळा

आता नावांकडे येऊ. ग्रीक ‘थ्युन्नोस’पासून लॅटिन ‘थुन्नुस’, त्यावरून अरबी ‘तुन्न’, आणि अरबी उपपदासह स्पॅनिश ‘आतुन’ अशी ही परंपरा आहे. अरबीतील ‘अल्’ या उपपदातील लकार पुढील तकारात मिसळून ‘अत्’ होतो. स्पॅनिशने नामाबरोबर उपपदही उचलले. संस्कृत ‘शर्करा’ फारसी व अरबी मार्गाने स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ झाली, तीत हीच प्रक्रिया दिसते. पुढे अमेरिकेतील स्पॅनिश व इंग्रजी यांच्या संपर्कात आरंभीचा स्वर गळून ‘ट्यूना’ हे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. ब्रिटिश इंग्रजीतील जुने रूप ‘टनी’ होते.

खरा घोटाळा ‘अल्बाकोर’ या शब्दाचा आहे. अरबीतून पोर्तुगीजमध्ये गेलेला हा शब्द इंग्रजी व फ्रेंच या दोहोंनी स्वीकारला, परंतु दोन वेगळ्या माशांसाठी. १७८८ मध्ये बोनातेर याने पिवळ्या परांच्या कुप्यास जे जातिनाम दिले ते आज ‘थनस अल्बाकारेस’ असे लिहिले जाते, आणि अतिशय लांब छातीपरांच्या कुप्यास दिलेले नाव ‘थनस अलालुंगा’ असे. यांतील दुसरे इटालियनमधील ‘लांब पंख’ या शब्दांवरून आले. फ्रेंच भाषक ‘अल्बाकोर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिला मासा असतो. इंग्रजी भाषक तोच शब्द दुसऱ्या माशासाठी वापरतो. दुसऱ्यास फ्रेंचमध्ये ‘जर्मों’ हे स्वतंत्र नाव आहे. शास्त्रीय नाव ऐकून इंग्रजी वाचकाने ‘अल्बाकारेस’ म्हणजे अल्बाकोर असे अनुमान केले तर तो नेमका चुकतो.

अटलांटिक महासागरातील कुप्यांच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा करार १९६६ मध्ये झाला व १९६९ मध्ये अमलात आला. इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या त्याच्या अधिकृत भाषा. एकाच तक्त्याच्या दोन भाषांतील शीर्षकांत ‘अल्बाकोर’ हा शब्द दोन भिन्न स्तंभांवर यावा, अशी ही स्थिती आहे. यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने प्रत्येक जातीस दिलेले तीन अक्षरांचे संकेत वापरले जातात: पिवळ्या परांच्या कुप्यास ‘वाय-एफ-टी’, लांब परांच्या कुप्यास ‘ए-एल-बी’. हे संकेतही इंग्रजी नावांवरूनच घडलेले आहेत. परंतु बोलल्या जाणाऱ्या शब्दाप्रमाणे त्यांचा अर्थ भाषेगणिक बदलत नाही.

घळईवरील नौकेत हा प्रश्न अंधारात, हातातल्या माशाबाबत उभा राहतो. अमेरिकन नियमांनुसार हौशी मच्छीमारास पिवळ्या परांचे कुपे दररोज माणशी तीनच ठेवता येतात व त्यांची लांबी किमान २७ इंच असावी लागते. मोठ्या डोळ्यांच्या कुप्यास लांबीची तीच अट आहे, परंतु ही संख्यामर्यादा नाही. निळ्या परांच्या कुप्याच्या मर्यादा तर ऋतूच्या मध्येच बदलतात आणि त्याची नोंद २४ तासांत करावी लागते. पूर्ण वाढलेले मासे ओळखणे कठीण नाही. पिवळ्या परांच्या व मोठ्या डोळ्यांच्या कुप्यांची पिले मात्र इतकी सारखी दिसतात की निश्चित निर्णयासाठी यकृत पाहावे लागते: एकाचे गुळगुळीत असून उजवा खंड लांब असतो, दुसऱ्याच्या कडांवर रेषा असतात. चुकीच्या नावाने नोंदलेला मासा गणनेत एका जातीतून वजा होऊन दुसरीत मिळवला जातो, आणि पुढच्या वर्षी किती मासे धरू द्यावेत हा निर्णय त्याच गणनेवर घेतला जातो.

मराठीपुरता विचार

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. हिंदी महासागरातील कुप्यांसाठी असलेल्या आयोगाचा करार १९९३ मध्ये मान्य होऊन १९९६ मध्ये अमलात आला. भारत त्याचा सदस्य आहे. आपल्या किनाऱ्यावर ‘कुपा’ व ‘गेदर’ ही नावे एकाहून अधिक जातींना लावली जातात आणि बाजाराच्या गरजेपुरती ती पुरेशी आहेत. अलीकडे छापील मराठीत सर्व जातींना सरसकट ‘ट्यूना’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्याने भेद वाढत नाही, उलट जुनी नावे तेवढी मागे पडतात.

माझी सूचना अशी की, ‘कुपा’ हे नाव गणवाचक म्हणून कायम ठेवावे आणि त्यास दृश्य लक्षणांवरून विशेषणे जोडावीत: पीतपर कुपा, दीर्घपर कुपा, नीलपर कुपा, विशालाक्ष कुपा. ‘अल्बाकोर’ हा शब्द मराठी शास्त्रीय लेखनात जसाच्या तसा घेऊ नये; तो कोणत्या भाषेतून आला हे वाचकास कळण्याचा मार्ग नसतो. परंतु या सूचनेची परीक्षा विभागात बसून होणार नाही. ससून गोदीत किंवा मिरकरवाड्यात पहाटे मासे उतरतात तेव्हा तांडेलांना व मासे विकणाऱ्या स्त्रियांना ही विशेषणे दाखवावीत, त्यांची स्वतःची भेददर्शक नावे असतील तर ती टिपून घ्यावीत, आणि ती मिळाल्यास आपली विशेषणे खुशाल बाजूस ठेवावीत. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी हे काम हाती घ्यावे. कोणत्या गावी कोणत्या माशाला कोणते नाव, हे माशाच्या लक्षणांसह नोंदले गेले, तर भाषाशास्त्राला सामग्री मिळेल आणि मत्स्यगणनेलाही.